उभ्या गाडीचं इंजिन ठोकायला लागलं तर

पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी चार-सहा महिन्यांनी सुरू करावी आणि बोनेटखालून ठकठक ऐकू यावी, हे काही दुर्मिळ नाही. आवाज किती मोठा आहे यावरून मात्र काहीच ठरत नाही. तो कधी येतो, इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचं काय नातं आहे, आणि इंजिन तापल्यावर तो वाढतो की विरतो, हे बघायचं. तापल्यावर विरणारा आवाज बहुतेकदा निभावून नेता येतो. तापल्यावर वाढणारा आवाज खर्चाचा असतो.

पुढचं सगळं साध्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला धरून आहे. डिझेलचं वेगळं, ते शेवटाकडे.

सेल्फ मारण्याआधी

पहिला प्रश्न पाण्याचा. पार्किंगमध्ये पाणी चढून ते सायलेन्सरच्या वर किंवा एअर फिल्टरपर्यंत आलं असेल, तर चावीला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारा) वाकू शकतो, आणि मग ठोकणं आयुष्यभराचं. आधी चारही स्पार्क प्लग काढायचे, मगच इंजिन फिरवायचं.

पाण्याचा संबंध नसेल तर एअर फिल्टरची पेटी उघडा. उंदरांना ही जागा फार आवडते: चिंध्या, शेंगांची टरफलं, कुरतडलेला फिल्टर. इग्निशन कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या वायरी हातानं चाचपून बघा. एक वायर तुटली तरी इंजिन तीन सिलिंडरवर चालतं, गदागदा हलतं आणि माउंटिंगवर आदळतं. हा आवाज ऐकून ‘बेअरिंग गेलं’ असं ठरवणारे बरेच असतात.

डिपस्टिक काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. रंग दुधाळ कॉफीसारखा असेल तर पाणी शिरलं आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालं आहे. अशा ऑइलवर, किंवा वर्षभर बदललेलं नसेल तर, इंजिन सुरू करूच नका. १.२ लिटरच्या इंजिनात फिल्टरसकट तीन-साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल जातं. नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत असतो. आवाज दबावा म्हणून ०डब्ल्यू-२०च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला आणखी उशीर लावतं, आणि आवाज दबला की खरं दुखणंही दबतं.

बॅटरी मल्टिमीटरनं मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फचा सोलेनॉइड टकटकटकटक वाजतो. इंजिन फिरतच नसताना आवाज येत असेल तर तो इंजिनाचा नव्हेच.

गाडी सहा महिन्यांपेक्षा जास्त उभी असेल, विशेषतः किनारपट्टीच्या दमट हवेत, तर एवढं करा: फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइल आणि प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याएवढं, म्हणजे साधारण ५ मिलि, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दिशा इंजिन नेहमी फिरतं तीच. बहुतेक गाड्यांत पुलीकडून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांसारखी. कुठे अडलं तर जोर लावू नका. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंज चढलेला असतो, आणि जबरदस्ती केली तर रिंग तुटते. आणखी ऑइल सोडा, आणखी एक दिवस द्या.

मोकळं फिरलं की प्लग बाहेरच ठेवून ५-५ सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. प्लगच्या भोकांवर फडकं टाका, ऑइल उडतं. तीन-चार वेळात ऑइलचा लाल दिवा विझायला हवा. याचा हेतू एकच: गाडी उभी असताना सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरलेलं असतं, ते पहिल्या स्फोटाआधी बेअरिंगांपर्यंत पोचावं. मग प्लग, कॉइल आणि फ्यूज परत बसवा.

सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं

दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये हे करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइलचा दिवा पाच सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद.

सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत: टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, तो रिकामा झाला होता. स्वस्त ऑइल फिल्टरमधला रबरी व्हॉल्व्ह ऑइल अडवून धरत नसेल तर ही खडखड रोज सकाळी येते. फिल्टर बदलून बघा. तीच खडखड चेन कव्हरच्या बाजूनं मिनिटभर टिकली तर चेन आणि टेन्शनर तपासून घ्यावेच लागतील.

वरून, टॅपेट कव्हरमधून येणारी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ८०० आरपीएमवर एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येते, म्हणजे कान लावला तर जवळजवळ मोजता येते. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर त्यांत ऑइल भरायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. मेकॅनिकल असतील तर गॅप मोजावा लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गॅसकेट गळत असेल तरी अगदी अशीच टिकटिक येते आणि लोखंड तापून फुगलं की थांबते; सांध्यापाशी काळी काजळी दिसते का बघा.

मधून, ब्लॉकच्या बाजूनं येणारा, मडक्यावर बोट वाजवल्यासारखा पोकळ आवाज दोन ते पाच मिनिटांत विरत गेला तर तो पिस्टनचा. थंड पिस्टन बोअरमध्ये सैल असतो. जुन्या इंजिनात हे चालतं.

आणि खालून, चेंबरच्या बाजूनं येणारी ठोस ठकठक. थंड असताना जाड ऑइलमुळे ती दबलेली असते, इंजिन तापलं की स्पष्ट होते. २,००० आरपीएमच्या आसपास नेऊन अॅक्सिलरेटर सोडला की आणखी उठून ऐकू येते. हे बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथलं. मेन बेअरिंगचा, म्हणजे ब्लॉकमध्ये क्रँक ज्यात फिरतो त्याचा, आवाज याहून जड, घुमणारा, आणि लोड आला की वाढणारा. ऐकण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो: टोक धातूवर, मूठ कानाच्या हाडावर. बाही आणि ओढणी पट्ट्यांपासून लांब.

संशय पक्का करायला एकेक सिलिंडर बंद करून बघा. इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, परत सुरू करा, ऐका, मग पुढचा. इंजेक्टरपर्यंत हात पोचत नसेल तर कॉइलचा कनेक्टर काढा, पण दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर ठकठक ठळकपणे कमी झाली, दुखणं तिथलं. पिस्टनचा आवाजही असाच कमी होतो. फरक तापल्यावरच कळतो. टॅपेटला काहीच फरक पडत नाही.

इंजिन उतरवायचं नक्की करण्याआधी बाहेरचे भाग बाद करा. ड्राइव्ह बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर किंवा टेन्शनर पुली. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर गिअरबॉक्सच्या बाजूला शोधा. ऑटोमॅटिकमध्ये ड्राइव्ह प्लेटचे (इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूशी जोडणाऱ्या चकतीचे) सैल बोल्ट बिग एंडची हुबेहूब नक्कल करतात. गाडी चालतानाच धबधब येत असेल आणि ती चाकांच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर उभं राहून टायर एका जागी चपटे झाले आहेत. हवा भरून थोडे किलोमीटर चालवल्यावर बहुधा गोल होतात.

चढावरच खणखण

जागेवर शांत, पण चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये पिकअप घेताना खणखण, हे पेट्रोलचं लक्षण. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. त्यात नवं पेट्रोल मिसळून भागत नाही. थर नसेल आणि टाकी अर्ध्याहून रिकामी असेल तर ताजं पेट्रोल भरून बघणं पुरे.

डिझेल गाडीत थंड खडखड मुळातच जास्त असते. फ्युएल फिल्टरमधलं पाणी काढा, हँड पंप असेल तर दाबून हवा काढा. १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तेव्हा ऑइल बदलून त्यांना वेळ द्या. जुन्या डिझेलसारखा इंजेक्टरचा पाइप सैल करून बघायचा नाही: कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत) दाब १,००० बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते. सिलिंडर बंद करायचा तर स्कॅनरनं.

बेअरिंगचाच संशय उरला तर

ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून तिथे गेज लावा. तापलेल्या इंजिनाचा आयडलिंगचा आणि ३,००० आरपीएमचा दाब सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. मग ऑइल फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडा, उन्हात धरा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर पोलाद. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे म्हणजे बेअरिंगचा थर. या दोन तपासण्यांशिवाय कुणी इंजिन उतरवायला सांगत असेल तर दुसरं गॅरेज गाठा.

दोन्हींत दोष निघाला तर गाडी चालवत नेऊ नका, ट्रकवर चढवून न्या. बऱ्याच गाड्यांत चेंबर खोलून, इंजिन न उतरवता बिग एंडचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढता येतात. क्रँकच्या जर्नलवर (शेल बसतात त्या गोल भागावर) नख फिरवा: गुळगुळीत असेल आणि मायक्रोमीटरनं माप बरोबर आलं तर नवे शेल आणि नवे रॉड बोल्ट एवढ्यावर काम भागतं. नख अडलं तर इंजिन उतरवून क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागतो, आणि मग शेल ०.२५ मिमी अंडरसाइझचे, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारे, घ्यावे लागतात. त्या इंजिनासाठी ते मिळतात का, हे ग्राइंडिंगच्या आधी विचारून ठेवा.