क्रूझवरच्या खास रेस्टॉरंटचं टेबल घरूनच धरा

जळगाव-भुसावळकडची बरीच कुटुंबं हल्ली मुंबईहून किंवा सिंगापूरहून क्रूझला जातात. तिकिटात मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे धरलेला असतो. इटालियन, जपानी, स्टेकहाउस अशा खास रेस्टॉरंटचे मात्र बहुतेक जहाजांवर वेगळे पैसे पडतात, आणि तिथली टेबलं मोजकीच असतात.

आम्ही ९ जण होतो. ‘चढल्यावर बघू’ म्हणालो. काउंटरवर गेलो तर सात-साडेसातचं एकही टेबल शिल्लक नाही. साडेनऊचं मिळालं, तेही दोन टोकांना. पास्ता येईपर्यंत धाकटी आईच्या मांडीवर झोपून गेली. घरी साडेसातलाच भाकरी-शेवभाजी उरकणारे आमचे आप्पा भुकेने अगदी कासावीस झाले. फार वाईट वाटलं.

म्हणून कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर बुकिंग खुलं झालं की लगेच टेबल धरा, मोठं कुटुंब असेल तर नक्कीच. पहिल्या रात्री बरेच जण बुफेकडे वळतात, तेव्हा जागा मिळण्याची शक्यता जास्त. बंदरावर उतरायच्या दिवशी लवकरची वेळ घेऊ नका, फिरून परतायला उशीर होतो. वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, मोबाइलच्या नव्हे. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही आधीच कळवा. बुकिंग रद्द करायची मुदत वाचून ठेवा. न सांगता गैरहजर राहिलात तर पैसे कापले जाऊ शकतात.

घरून नाहीच जमलं, तर जहाजात शिरल्याबरोबर, बॅगा खोलीत यायच्या आधी, टेबलाचं काम उरका.