मोठ्या नदीत लहान होडी कशी नांगरावी आणि तिथून मासेमारी कशी करावी

तळ्यात नांगर टाकणं वेगळं आणि वाहत्या नदीत टाकणं वेगळं. तळ्यात नांगर सुटला तर होडी हळूहळू भरकटते, एवढंच. नदीत खरी भीती असते ती नांगर नको तेव्हा घट्ट धरून बसण्याची. होडी दोराला बांधलेली, नांगर तळाला रुतलेला आणि वरून पाण्याचा सारखा रेटा. अशा वेळी होडीला सरकायला वाव उरत नाही आणि पाणी कडेवरून आत यायला लागतं. म्हणून नांगर टाकण्याआधी तो क्षणात सोडता कसा येईल, याची सोय करायची. मासे, गळ, आमिष हे सगळं त्यानंतर.

नांगर फक्त नाळेवरून

होडीचं पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. ती उंच असते आणि पाणी कापण्यासाठीच घडवलेली असते. मागची बाजू सपाट आणि बुटकी, त्यात तिथे इंजिनाचं वजन. मागून नांगर टाकला की दोर मागची बाजू खाली ओढतो, प्रवाह त्या सपाट फळीवर आदळतो आणि पाणी थेट आत शिरतं. 4 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळाच्या होडीत 15 सेंटीमीटर पाणी साचलं तर ते 900 लिटर, म्हणजे 900 किलो होतं. हे वजन एका जागी थांबत नाही. होडी जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं.

कडेला मधोमध दोर बांधला तर होडी प्रवाहाला आडवी होते, तेही तितकंच वाईट. होडी हलू नये म्हणून पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकायचा मोह अनेकांना होतो. तळ्यात ते चालतं. जोरदार प्रवाहात अजिबात करू नका.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा रेटा दुप्पट नाही, साधारण चौपट होतो. सकाळी ज्या जागी होडी शांत उभी होती, तीच जागा दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर धोक्याची होऊ शकते. नदीवर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. भोंगा ऐकू आला की गळ गुंडाळून निघायचं.

साहित्य

नांगराचा प्रकार तळावरून ठरवा. वाळू आणि घट्ट गाळात दोन रुंद फाळांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर वजनाच्या मानाने फार चांगला रुततो. खडकाळ तळाला चार-पाच आकड्यांचा नांगर लागतो, पण तो अडकतोही लवकर. छत्रीसारखा गोल नांगर नदीत उपयोगाचा नाही, तो संथ पाण्याच्या मऊ गाळातच ठीक.

नांगराला थेट दोर बांधू नका. मधे निदान होडीच्या लांबीइतकी साखळी हवी. साखळी तळाशी पडून राहते, ओढ आडवी ठेवते आणि दगडांवर घासणं स्वतः सोसते. साखळीपुढे तीन पदरी नायलॉनचा दोर घ्या. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा झटका खुंटीपर्यंत पोचेस्तोवर मवाळ होतो. स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि नेमका इंजिनाच्या पंख्यात जातो.

दोर किती लांब असावा, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. पाण्याची खोली आणि नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करा आणि तिला 7 ने गुणा. 6 मीटर खोली आणि अर्धा मीटर नाळ असेल तर साडेसहा गुणिले सात, म्हणजे साधारण 45 मीटर. एवढ्या लांबीला ताणलेला दोर तळाशी जेमतेम 8 अंशांचा कोन करतो आणि फाळ जमिनीत घुसत जातात. तिप्पटच दोर सोडला तर तो कोन 20 अंशांच्या जवळ जातो, नांगर वर उचलला जातो आणि घसरू लागतो. आखूड दोर प्रत्येक लाटेला नाळही खाली दाबतो. जागा असेल तिथे दोर सोडण्यात कंजुषी नको.

आता ती सोडण्याची सोय. नांगराचा दोर एका मोठ्या, भडक रंगाच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्याला बांधा. बोयापासून होडीपर्यंत तीन-चार मीटरचा वेगळा जोडदोर घ्या. तो नाळेवरच्या बंद कडीतून ओवून हाताशी येईल अशा खुंटीवर आठच्या आकाराचे वेढे देऊन अडकवा. ताणाखाली आवळत जाणारी गाठ मारू नका आणि दोराच्या शेवटाला गाठ ठेवू नका, म्हणजे तो कडीतून सरळ निघून जाईल. ओंडका वाहत आला, मोठं जहाज अंगावर यायला लागलं किंवा मोठा मासा खाली पळाला, तर वेढे सोडायचे आणि होडी मोकळी. नांगर तिथेच राहतो, बोया जागा दाखवतो, नंतर येऊन उचलता येतो. ओढ नाळेवरच राहते आणि सोडण्यासाठी पुढे रांगत जावं लागत नाही. एकट्याने जाणाऱ्याने तर ही व्यवस्था केल्याशिवाय नांगर टाकूच नये.

याशिवाय म्यानात धारदार सुरी, आणि तीही डब्यात न ठेवता अंगावर. पाणी उपसायला बादली आणि एक शिट्टी. लाइफ जॅकेट अंगात, बंद लावलेलं. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात माणूस नकळत धापा टाकतो आणि त्यातच पाणी पोटात जातं, छातीत जातं. तेव्हा बाकाखालचं जॅकेट शोधायला वेळ नसतो.

जागा निवडणं

मासा सारखा जोरात पोहत राहत नाही, तो ताकद वाचवतो. तळाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग वरच्यापेक्षा कमी असतो आणि दगड, बुडालेलं झाड किंवा खड्ड्याची कड यांच्या आड तो आणखी मंदावतो. वेगवान धार आणि संथ पाणी यांची सीमा शोधा. पृष्ठभागावर ती नीट पाहिली तर दिसते: एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला चुरगळलेलं पाणी आणि मधल्या रेषेवर फेस, पानं, काड्या एका ओळीत वाहताना. धार खाणं आणून देते आणि मासा संथ बाजूला उभा राहून ते टिपतो. बेटाच्या खालचं टोक, उपनदी मिळते ती जागा आणि डोहाची वरची कड या जागाही पाहून ठेवा.

होडी मात्र त्या जागेवर उभी करायची नाही, वरच्या अंगाला उभी करायची, म्हणजे आमिष प्रवाहाबरोबर माशाकडे जाईल.

जहाजांच्या मार्गात नांगर टाकू नका. आंतरराष्ट्रीय नौकानयन नियमांनुसार 20 मीटरपेक्षा लहान होडीने अरुंद मार्गातल्या, तिथूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नसतं. ताफा ओढणाऱ्या जहाजाला थांबायला फार अंतर लागतं आणि त्याच्या पुढ्यातली लहान होडी चालकाला दिसेलच असं नाही. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठी आहेत असं समजा आणि बोया सोडा. मार्ग दाखवणाऱ्या बोयाला होडी बांधायची नाही. पुलाच्या खांबांच्या आणि बांधलेल्या बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) वरच्या अंगालाही थांबू नका, कारण नांगर सुटला तर प्रवाह तुम्हाला थेट त्यांच्याखाली ढकलेल.

नांगर टाकताना

1. साखळी आणि दोर टोपलीत सुटे भरा, वळ्या एकमेकांत अडकता कामा नयेत. पाय त्या वळ्यांपासून लांब ठेवा. दोर पळत असताना पायाला वेढा बसला तर माणूस दोराबरोबर पाण्यात जातो.

2. आधी खोली मोजा. मग ज्या जागी होडी उभी राहायला हवी, तिच्यापासून सोडणार त्या दोराच्या लांबीइतकं वर जा.

3. नाळ प्रवाहाच्या तोंडाला करा आणि इंजिनाच्या जोरावर होडी एका जागी धरून ठेवा. इंजिन शेवटपर्यंत चालू राहील.

4. नांगर फेकू नका. हाताने सोडत तळाला टेकवा. फेकला तर साखळी फाळांवर पडते आणि तो रुतत नाही.

5. इंजिनाचा जोर हळूहळू कमी करा. होडी मागे सरकू लागली की दोर तणावात ठेवून सोडत जा. अर्धाअधिक दोर गेल्यावर एकदा हलकेच धरा, नांगराला जमीन पकडू द्या, मग उरलेला सोडा आणि वेढे घाला.

6. काठावर एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा निवडा, समजा एक झाड आणि मागचा खांब. त्यांची रेघ बदलत गेली तर होडी घसरतेय. ताणलेल्या दोरावर हात ठेवूनही कळतं: पकडलेला नांगर एकसारखा ताण देतो, घसरणारा नांगर हाताला खडखड आणि झटके देतो.

7. पाच-दहा मिनिटं काहीच हललं नाही, तर मगच इंजिन बंद करा.

दोर ज्या खुंटीवर आहे, तिच्या आजूबाजूला डबे, जाळी, पिशव्या काहीही ठेवायचं नाही. मधूनमधून नाळेकडे बघत राहा. दोरावर गवत आणि पालापाचोळा साचला की रेटा वाढतो, तो काढून टाका. पाणी चढत असेल तर खोलीही वाढतेय, म्हणून दोरही वाढवा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात प्रवाह उलटतो, होडी फिरते आणि नांगर निघू शकतो. त्या वेळी तो उचलून नव्याने टाका.

रात्री नांगरलेल्या होडीवर सगळीकडून दिसणारा एक पांढरा दिवा हवा. लाल-हिरवे दिवे चालत्या होडीसाठी असतात, ते लावून ठेवलं तर समोरच्याचा अंदाज चुकतो.

गळ टाकणं

प्रवाहात वजन तळाशी टिकवणं हेच मुख्य काम. गोल शिसं घरंगळतं, चपटं बसून राहतं. सुरुवातीला सरकत्या वजनाची मांडणी घ्या: मुख्य दोरीवर मोकळं सरकणारं शिसं, मग मणी, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून गरगर फिरणारी जोडकडी), पुढे 30 ते 60 सेंटीमीटरची दोरी आणि गळ. मासा आमिष घेतो तेव्हा दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही.

गळ सरळ मागे सोडा. शिसं तळाला टेकलं की काठीचं टोक उचला, ते थोडं वाहू द्या, पुन्हा टेकवा. असं चालवत नेत ते ज्या ठिकाणी स्थिरावतं तिथे काठी ठेवा. सारखं वाहत जात असेल तर जड शिसं लावा, वजनात संकोच करू नका. दोन-तीन काठ्या असतील तर जड वजनाची मधे, थेट मागे टाका आणि बाजूच्या काठ्यांची टोकं दोन्ही बाजूंना फाकवा, म्हणजे दोऱ्या गुंतणार नाहीत.

गोल वळलेल्या टोकाचा गळ वापरत असाल तर झटका द्यायचा नाही. काठी वाकून राहिली की फक्त रीळ फिरवत राहा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःच बसतो. मोठा मासा प्रवाहाबरोबर खाली धावला तर होडीला बांधून झुंजण्यापेक्षा इंजिन सुरू करा, बोया सोडा आणि त्याच्या मागे जा. मासा कडेला आला की हातजाळं त्याच्या डोक्याकडून घाला. एका वेळी एकच माणूस उभा राहील, बाकीचे बसून. मासा बघायला सगळे एकाच कडेला झुकले की लहान होडी कलते आणि वर आखूड दोर असेल तर परत सरळ होत नाही.

जहाज गेल्यावर लाट येते, आणि काठाजवळ आधी पाणी मागे ओढलं जातं. अशा वेळी सगळ्यांनी खाली बसून राहायचं.

नांगर उचलताना

इंजिन सुरू करा, हळूच वर जात राहा आणि नाळेवरून दोर आत घ्या. दोर सरळ उभा झाला की खुंटीवर अडकवून होडीला थोडं पुढे जाऊ द्या, बहुतेक वेळा नांगर निघतो. निघाला नाही तर मागच्या बाजूला दोर बांधून ओढू नका, कितीही घाई असली तरी. बऱ्याच होड्या याच क्षणी बुडतात. वेगवेगळ्या दिशेने हलकेच प्रयत्न करा, नाहीतर बोया सोडून द्या किंवा दोर कापा.

अडकण्याचा त्रास कमी करायचा असेल तर साखळी नांगराच्या फाळांकडच्या टोकाला शॅकलने, म्हणजे खीळ घालून बंद होणाऱ्या धातूच्या कडीने पक्की करा आणि दांड्याच्या वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीने बांधा. जोराने ओढल्यावर पट्टी तुटते आणि नांगर उलट बाजूने बाहेर येतो. पट्टीची जाडी आपल्या होडीच्या वजनावर ठरते, म्हणून आधी संथ पाण्यात करून बघा. शॅकलची खीळ तारेने बांधायला विसरू नका. ती कंपनांनी सैल होते. काठावर आल्यावर दोराचा साखळीजवळचा तुकडा बोटांनी चाचपा, तिथेच पदर आधी झिजतात. खरखरीत लागला तर तेवढा कापून नवी गाठ घाला.