इंग्रजी कच्चं म्हणजे मूल कच्चं नाही: शिक्षकांनो, या चुका टाळा

दुसऱ्या देशातून आलेलं मूल वर्गात बसलं की आपण शिक्षक मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो, याला इंग्रजी येत नाही म्हणजे याला झेपणार नाही. मीही हे केलंय. नवीन आलेल्या एका मुलीला मी आठवडाभर चित्रं रंगवायला दिली, बाकीची मुलं अपूर्णांक करत होती, मला वाटायचं बिचारीला ताण नको. एक दिवस तिची वही खाली पडली म्हणून उचलली तर मागच्या पानांवर फळ्यावरची सगळी गणितं, भागाकाराची मांडणी तिच्या जुन्या शाळेतली पण उत्तरं एकूणएक बरोबर! मला रडूच आलं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, दया येते म्हणून सोपं काम देणं. काम तेच ठेवा, भाषेला आधार द्या. गणित तेच, फक्त शेजारी चित्र काढा, चार अवघड शब्द आधी सांगा आणि 'आय थिंक... बिकॉज...' अशी वाक्याची सुरुवात लिहून द्या, पुढचं मूल करतं. पण म्हणून सगळ्यांना सारखं पुस्तक दिलं की झालं असंही नाही हां. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या लाउ केसमध्ये हेच सांगितलं, ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक देणं म्हणजे समान वागणूक नाही.

दुसरी चूक याच्या बरोब्बर उलटी. मुलगा मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलतो आणि पेपरात मार्क नाहीत, मग आपण म्हणतो आळशी आहे. अहो नाही! कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच हा फरक मांडला, गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी, पहिली साधारण 2 वर्षांत जमते, दुसरीला 5 ते 7 वर्षं लागतात. विज्ञानाच्या पेपरात 'टेबल बघा' लिहिलं की मूल समोरच्या बाकाकडे बघतं, कारण टेबल म्हणजे तक्ता हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा रागवायच्या आधी प्रश्नातला नेमका कुठला शब्द अडला ते विचारा.

गप्प बसणाऱ्या मुलाला घाई करू नका, सुरुवातीला काही महिने नुसतं ऐकणारी मुलं असतात आणि ती शिकतच असतात. प्रश्न विचारून आपण जेमतेम 1 सेकंद थांबतो, त्या मुलाला प्रश्न समजून घेऊन, आपल्या भाषेत विचार करून परत इंग्रजीत आणायचा असतो. 3 ते 5 सेकंद मनात मोजा, आधी शेजारच्याशी बोलू द्या, मग हात वर करायला सांगा.

आणि पालकांना 'घरी इंग्रजीच बोला' हा सल्ला कृपा करून देऊ नका. मोडक्या इंग्रजीत बाप मुलाशी किती बोलणार? त्यापेक्षा घरच्या भाषेत गोष्टी सांगा, वाचून दाखवा म्हणावं, एका भाषेत आलेलं वाचन आणि समज दुसऱ्या भाषेत कामाला येते. पहिल्या मीटिंगला दुभाष्या बोलवा, मुलालाच मध्ये बसवून त्याच्या तक्रारी त्याच्याच तोंडून आईला सांगायला लावू नका.