जुन्या गाडीत नवा स्टिरिओ लपवताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे अजूनही एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली जपलेली पद्मिनी दिसते. तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच. धुळ्यात एखादी ॲम्बेसेडर निघते, रावेर-यावलकडे केळीच्या बागांतून जुनी जीप फिरते. मालकाला गाणी मोबाइलवरून ऐकायची असतात, पण डॅशबोर्डवर निळे दिवे लुकलुकणारा सेट नको असतो. मागणी रास्त आहे. घोळ होतो तो सेटबरोबर फ्यूज, जोड, बटणं असं सगळंच लपवून टाकल्यामुळे. डोळ्याला दिसू नये, पण हाताला लागलं पाहिजे.

डॅशबोर्डला करवत लावू नका

जुन्या रेडिओला दोन गोल बटणांची भोकं आणि मध्ये अरुंद काच असते. नव्या सिंगल डिन, म्हणजे ठरलेल्या मापाच्या सेटला साधारण 180 बाय 50 मिलिमीटरची खिडकी लागते. म्हणून फिटर पत्रा कापायला निघतो. त्याला तिथेच थांबवा. ॲम्बेसेडर 2014 मध्ये बंद झाली, फियाट त्याच्याही आधी. कापलेल्या डॅशबोर्डला बदली पुढे भंगारातच शोधावी लागते. जुना रेडिओ काच-बटणांसह जागेवर राहू द्या आणि नवा सेट ग्लोव्ह बॉक्समध्ये बसवा. रेडिओच्या आतला माल काढलाच, तर डबीत ठेवा, फेकू नका.

ग्लोव्ह बॉक्समध्ये सेट चहूबाजूंनी दाबून बसवणं ही पुढची चूक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो आणि बंद गाडीत त्याहून वर. त्यात सेटचा ॲम्प्लिफायर स्वतः तापतो. मागच्या हीटसिंकभोवती, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाभोवती, दोन बोटं तरी मोकळी जागा ठेवा. ग्लू गन आणि डबल टेप मे महिन्यात हमखास सुटतात, पट्टी आणि स्क्रूच वापरा. सीटखाली जागा भरपूर दिसते खरी, पण जुन्या गाडीत पावसाळ्यात पाणी तिथेच येतं.

स्पीकरची वायर बॉडीला: सगळ्यात महाग चूक

अनेक जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच वायर असते, दुसरं टोक थेट पत्र्याला. नव्या सेटला हे अजिबात चालत नाही. सेट चालू असताना त्याच्या स्पीकरच्या प्लस आणि मायनस या दोन्ही वायरांवर सहा-सात व्होल्ट असतात. मायनस जुन्या सवयीने बॉडीला लागली की ॲम्प्लिफायरचा आयसी (चिप) एकतर स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर जळतो. डिस्प्ले येतो, गाणं पुढे सरकतं, आवाज मात्र नाही. किंवा आवाज वाढवला की सेट बंद. अशा वेळी सेट बदलू नका. स्पीकरच्या वायरा सेटपासून सोडवा आणि प्रत्येक वायर व बॉडी यांच्यात मल्टिमीटर बीपच्या सेटिंगवर लावा. बीप आली की चोर सापडला. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरा ओढाव्याच लागतात.

रंगांचा ठरलेला रिवाज असा: पिवळी थेट बॅटरीला, लाल चावीवरून, काळी बॉडीला. स्पीकरच्या पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी. काळ्या रेघेची ती मायनस. तरी स्वस्त सेटवर भरवसा नको, त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. पिवळ्या वायरचा फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काहीच नसतं. फार जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे हे रंग पाळले तर सेट पहिल्याच झटक्यात जातो, म्हणून आधी टर्मिनल बघा.

खोक्यावरचे ‘50 वॉट गुणिले चार’ मनावर घेऊ नका. दहा अँपिअरच्या फ्यूजमधून तेवढी वीज येऊच शकत नाही.

कर्रकर्र आणि कुईं

एक्सलरेटरबरोबर वाढणारी कटकट इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लग-कॉइलकडून येते, वर चढत जाणारी कुईं चार्जिंगकडून. अँटेनाची पिन काढून बघा. आवाज गेला तर तो अँटेनातून येतोय. तिच्या बुडाचा गंज घासून अर्थिंग नीट करा. नाही गेला तर वाट वीजपुरवठ्याची आहे. रेझिस्टर असलेल्या प्लग कॅप घाला. कॉइलला कंडेन्सर लावायचा तर चावीकडून वीज येते त्या टोकाला. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काच्या टोकाला लावला तर गाडीच नीट चालत नाही. जुन्या रेडिओच्या पोटात ब्लूटूथ बोर्ड बसवला असेल, तर कुईं बहुधा त्याच्या पाच व्होल्टच्या सप्लायमधून येते. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज एकमेकींपासून अलग ठेवणारा, लावावा लागतो.

कन्नड घाटात एफएम गेला तर सेट उघडू नका, तो डोंगराचा गुण आहे. मात्र सपाटीवरही आकाशवाणीचं मीडियम वेव्ह स्टेशन नीट लागत नसेल, तर सेटिंगमध्ये ‘रीजन’ बघा. अमेरिकी सेटिंगवर सेट दहा-दहा किलोहर्ट्‌झने सरकतो, आपली स्टेशनं नऊच्या पटीत आहेत.

बॅटरी रात्रीतून बसते

डायनॅमोवाली (जुन्या पद्धतीच्या चार्जिंगची) गाडी उभी धडधडत असताना जेमतेम चार्ज करते. लग्नात सजवलेली फियाट तासभर गाणी वाजवत उभी राहिली, तर शेवटी वऱ्हाड तिला धक्का मारणारच. पण गाडी नुसती उभी असताना बॅटरी बसत असेल, तर लाल वायरही पिवळीबरोबर थेट बॅटरीला जोडलेली असण्याची शक्यता मोठी. चावी काढून, सगळं बंद करून बॅटरीची मायनस वायर सोडवा आणि टर्मिनल व वायर यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा. 50 मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर गळती शोधा. गाडी महिन्यातून एखाद्या वेळीच निघत असेल, तर सरळ बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच बसवा. सेट स्टेशनं विसरेल, ती पुन्हा लावून घ्यायची.