गोधडीचा काठ लाटा मारतोय? या चुका टाळा

आजीच्या नऊवारीची गोधडी, तिला खणाची नाहीतर इरकलीची बॉर्डर, कोपऱ्यांत त्रिकोणांची फुलं. बेत असा ठरतो आणि मधला भाग बहुतेकींचा छान जमतो. घोळ होतो तो काठाशी. गोधडी जमिनीवर अंथरली की मध्य सपाट आणि कडा तळलेल्या पापडासारख्या वर. मग "धुतली की बसेल" अशी समजूत घालून घ्यायची. ती बसत नाही, धुतल्यावर आणखी उठते.

काठ हा शेवटी चढवायचा दागिना आहे असं धरलं की इथूनच गणित चुकतं. गोधडी चौकोनी राहणार की तिरकी जाणार, सपाट पडणार की फुगणार, हे काठावर ठरतं. म्हणून मधला भाग कापण्याआधीच काठाचं कापड, रुंदी आणि नक्षी ठरवून टाका. पुढची सगळी मापं मधला भाग ६० बाय ९० इंच आणि काठ ६ इंच धरून दिली आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर रीत तीच.

माप कडेवरून घेणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती करणाऱ्यांना आपण चूक करतोय असं वाटतच नाही. लांब पट्टी घ्यायची, गोधडीच्या एका टोकाला लावायची, मशीन चालवत शेवटपर्यंत जायचं आणि उरलेली पट्टी कापून टाकायची. वेळ वाचतो, पण गोधडीची कड हाताळून हाताळून सैल झालेली असते. तुकडे जोडताना, इस्त्री करताना, उचलून ठेवताना तीच ओढली जाते. त्यामुळे कडेवर माप ९१ इंच भरतं आणि मधोमध ९०. पट्टी त्या सैल कडेच्या मापाने लागली की तो जास्तीचा इंच काठात कायमचा शिवला जातो.

माप मधून घ्या. गोधडी जमिनीवर सपाट पसरा, टेबलावर नको, कारण लोंबणारा भाग ओढ देतो. लांबी मधोमध एकदा आणि दोन्ही कडांपासून थोडं आत एकेकदा मोजा, सरासरी काढा आणि दोन्ही लांब पट्ट्या त्या एकाच मापाच्या कापा. पट्टीचा मध्य गोधडीच्या मध्याला टाचा, मग टोकं, मग चौथाई. अधलीमधली सैल जागा टाचण्यांमध्ये वाटून घ्यायची. दोन्ही लांब बाजू झाल्या की रुंदीचं माप पुन्हा मधूनच घ्यायचं, आता त्यात दोन्ही काठ धरून.

मशीनवर कोणतं कापड वर ठेवायचं यालाही महत्त्व आहे. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं थोडं मागे राहतं. म्हणून जो थर सैल असेल तो खाली ठेवा, दाते त्याला आपोआप सामावून घेतात. कापड दाबणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब स्क्रूचा एखादा आटा फिरवून कमी करा आणि टाका ३ मिलिमीटरपर्यंत लांब ठेवा. वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारा मशीनचा पाय) असेल तर उत्तमच, पण नसल्याने काही अडत नाही.

शिवून झालेली गोधडी बिघडलीच असेल तर आधी निदान करा. कडा लहरत असतील तर काठ जास्त लांब आहे. कडा आत ओढल्या जाऊन मध्यभाग फुगत असेल तर काठ आखूड आहे, किंवा तो धुतल्यावर आटला आहे. लहरणाऱ्या काठात इंचभराची जास्ती असेल तर त्यावर धावदोऱ्याच्या दोन-तीन ओळी घालून ती जिरवता येते. त्याहून जास्त असेल तर उसवा. आखूड काठावर मात्र उसवण्याशिवाय उपाय नाही, इस्त्रीने काही होत नाही.

उभा धागा, आडवा धागा

नवं सुती कापड आणताना चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं (रुंदीचं) दीड मीटर पुरेल, पट्ट्या जोडून घेऊ, असा हिशेब केला जातो. पट्ट्या मग आडव्या निघतात, आणि आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो. शिवाय लांब बाजूला दोन-दोन जोड येतात. पावणेतीन मीटर कापड घ्या आणि चारही पट्ट्या किनारीला समांतर, उभ्या काढा. माया (शिलाईत जाणारं जास्तीचं कापड) धरून साडेसहा इंचांच्या चार पट्ट्यांना २६ इंच पन्हा लागतो. उरलेल्या १८ इंचांत गोट (कड बंद करणारी पट्टी) निघतो, म्हणजे पैसे वायाही जात नाहीत. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं कापड काठाला अजिबात नको.

कापड आधी धुवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ९० इंचांवर ३ टक्के म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच. आजीच्या साडीचं आटून केव्हाच झालेलं असतं आणि काठ अजून कोरा असतो. ही जोडी न धुता शिवली की फुगलेली गोधडी ठरलेली.

रंगाचंही तसंच. रविवार पेठेतला दुकानदार "ताई, रंग पक्का आहे, लिहून देतो" म्हणणारच. घरी कापडाचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत कापड पुन्हापुन्हा धुवा. इतकं करूनही लाल किंवा मरून पाणी सुटत राहिलं तर ते कापड पांढऱ्या मलमलीच्या शेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून रंग पक्का होतो हा समज घरोघर आहे, पण तयार रंगवलेल्या कापडावर मिठाने रंग बसत नाही.

साडीचा काठ

साडीचा काठ मुळातच उभ्या धाग्याचा असतो, त्यामुळे बॉर्डरसाठी तो आदर्श. फक्त तो साडीच्या अंगापेक्षा दाट विणलेला असतो. काठ अगदी रेषेवर कापला तर शिलाई त्या दाट विणीतून जाते आणि सुई मोडते नाहीतर चुण्या पडतात. अंगाचं अर्धा इंच कापड काठासोबत ठेवा, तीच तुमची माया. काठातली जरीची तार जुनी आणि कडक झाली असेल तर असा काठ पांघरायच्या गोधडीला नको. पलंगावर पसरायला ठीक, गालाला मात्र टोचतो.

एका पाचवारी साडीत गोधडीभर काठ निघतो का? निघतो. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच, आणि काठ दोन. काठ ३ इंच रुंद असेल आणि कोपरे तिरके जोडायचे असतील तर लांब बाजूला ९० अधिक ६ अधिक ४ इंच जास्तीचे, म्हणजे १०० इंच लागतात. अशा दोन पट्ट्या एका काठातून निघतात. दुसऱ्या काठातून ७० इंचांच्या दोन आखूड पट्ट्या. कुठेही जोड नाही. साडी गंगा-जमुना असेल, म्हणजे दोन्ही काठ वेगळ्या रंगांचे असतील, तर हीच वाटणी शोभूनही दिसते.

खणाची तऱ्हा वेगळी. तो निसटतो आणि कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. पाव इंच माया इथे पुरत नाही, अर्धा इंच ठेवा आणि पट्टीच्या मागे मलमलीचा थर कच्च्या टाक्याने जोडून मगच शिवायला घ्या. खणाच्या नावाखाली कृत्रिम धाग्याचं कापडही सर्रास विकलं जातं. चार धागे चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहा. वितळून कडक मणी झाला तर ते कृत्रिम, आणि त्यावर सुती कापडाची गरम इस्त्री फिरवलीत तर काठ इस्त्रीलाच चिकटेल. कागद जळल्याचा वास येऊन राख झाली तर निर्धास्त राहा.

नक्षी कोपऱ्यात तुटणं

चौकडीचा काठ तीन बाजूंनी झकास येतो आणि चौथ्या कोपऱ्यात अर्धा चौकोन उरतो. मग तो कसातरी कोंबला जातो. ही चूक कात्री लावण्याआधी, कागदावर सापडते.

समजा ४ इंची चौकोनांचा काठ करायचा आहे. ६० ला ४ ने भाग जातो, १५ चौकोन. ९० ला जात नाही, साडेबावीस येतात. अशा वेळी मध्ये बारीक साधी पट्टी घालून माप जुळवतात आणि बहुतेक जणी ती चारही बाजूंना सारखी घालतात. पण सारखी पट्टी घातली की लांबी आणि रुंदी दोन्ही तेवढीच वाढतात आणि त्यांच्यातला फरक ३० चा ३० च राहतो. ३० ला ४ ने भाग जात नाही, म्हणून कितीही रुंद पट्टी घातली तरी हे गणित सुटणार नाही. एकतर चौकोन ५ किंवा ६ इंचांचा करा, किंवा डोक्याकडे आणि पायाकडे फक्त एकेक इंचाची पट्टी घाला. लांबी ९२ झाली की २३ चौकोन नेमके बसतात. कोपऱ्यात चौकोन स्वतंत्र, शक्यतो गडद रंगाचा.

दुमडलेल्या त्रिकोणांची झालर मात्र सोयीची. साडेचार इंची चौकोन कर्णावर दोनदा दुमडला आणि पाव इंच शिलाईत गेला की बाहेर ४ इंची पाया आणि २ इंच उंचीचा त्रिकोण दिसतो. हे त्रिकोण एकमेकांत सरकवता येतात. ९० इंचांवर २३ त्रिकोण लावले तर दर दोघांत जेमतेम २ मिलिमीटर सरकवावे लागतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. इथली नेहमीची फजिती म्हणजे टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून शिवणं. टोकं गोधडीच्या आत, कापलेल्या कडा काठाच्या कडेशी, अशी शिलाई मारायची आणि मग उलटवायचं.

कोपऱ्यातल्या त्रिकोणी फुलांना फार मोठी परंपरा आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, काठाकडून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात आणि चारही कोपऱ्यांना अशी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी, असं त्या मानतात.

कोपरे

तिरका जोड सुबक दिसतो, पण पहिल्याच गोधडीला त्याचा हट्ट कशाला? चौकोनी तुकडा टाकून केलेला कोपरा तितकाच देखणा असतो आणि फसत नाही. तिरकाच हवा असेल तर मधल्या भागाच्या कोपऱ्याआधी पाव इंचावर शिलाई थांबवून उलटा टाका घ्या. तिरकी शिलाई आतून बाहेर मारा. बाहेरून आत आलात तर सगळी चूण आतल्या टोकाशी गोळा होते. हा जोड उरेब असतो, इस्त्री घासू नका, नुसती दाबा. काठावर कोयरी किंवा रुईफूल असेल तर नक्षीचा मध्य बाजूच्या मध्याशी जुळवा, म्हणजे दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत सारखीच नक्षी येते.

मध्ये गच्च, काठ रिकामा

मध्ये अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोरा आणि सहा इंची काठावर एकही टाका नाही, हे चित्र फार दिसतं. प्रत्येक टाक्याने कापड किंचित आवळतं. मध्य आवळतो, काठ मूळ मापाचाच राहतो, मग तो झालरीसारखा पसरणारच. काठ मोजूनमापून लावलेला असला तरी हे होतं. "इतका सुंदर खण, त्यावर टाके कशाला" हा मोह आवरा. खणाच्या रंगाचाच दोरा घ्या, टाके दिसणार नाहीत, पण मध्याइतकीच दाट धाव काठावरही घाला.

शिवणाची दिशाही भरावावर ठरवा. जुन्या साड्यांचे थर असतील तर आपली नेहमीची रीत, कडेपासून चौकोनात फिरत आत जाणं, बरोबर आहे. भराव कापसाचा किंवा तयार शीटचा असेल तर तो सरकतो, मग मधून बाहेर या. दोन्हीकडे कच्चे टाके मात्र आधी, वीतभर अंतरावर, काठासकट.

गोट

गोट लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. काठासह गोधडी ७२ बाय १०२ इंच झाली, तिचे कर्ण सुमारे १२५ इंच आणि एकमेकांइतके यायला हवेत. फरक असेल तर आताच छाटून सरळ करा. गोटाला अडीच इंची दुहेरी पट्टी, कोपरे आणि जोड धरून ३६० इंच. तुळशीबागेत मिळणारं तयार पायपिंग उरेब असतं. ते गोल कडांसाठी छान, सरळ कडेवर ते ताणलं जातं. आणि गोट लावताना ओढू नका.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याला आरसे, मणी, गोंडे काही नको.

धुणं

पावसाळ्यात पुण्यात जाड गोधडी आतून वाळतच नाही आणि कुबट वास धरते. नवी गोधडी पहिल्यांदा धुवायची तर नवरात्राआधीच्या धुण्यात, ऊन पडल्यावर घ्या. ओली गोधडी एका दोरीवर काठाला चिमटे लावून टांगली की पाण्याचं सगळं वजन त्या काठावर येतं आणि मेहनतीने बसवलेलं माप एका दुपारीत सैल होतं. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधून गोधडी दोन्हींवर आडवी टाका किंवा गच्चीवर चादर पसरून तिच्यावर वाळवा. इरकलीचा किंवा खणाचा काठ असेल तर उलट बाजू उन्हाकडे.