बिबड्यांचा धंदा: आधी वही, मग घाटा

फैजपूरजवळच्या एका खेड्यात मी 2014 पासून बिबडे विकते. खान्देशाबाहेरच्यांना सांगते, बिबडे म्हणजे भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचा घाटा, म्हणजे घट्ट लापशी, शिजवून, ओल्या कापडावर थापून वाळवलेले पापड. आमच्याकडे ते प्रत्येक घरी होतात. त्यामुळे मी विकायला काढले तेव्हा जेठाणी म्हणाली, "माय वं, बिबडे कोन इकत घेईन?" घेतात. ज्यांच्या सुना पुण्याला नोकरी करतात, ज्यांच्या गच्चीवर आता सोलर आहे, ज्यांचे गुडघे गेलेत, त्या सगळ्या घेतात. तुम्हाला धंदा काढायचा असेल तर नवीन काही शोधत बसू नका. गावात कोणती गोष्ट करायला आता बायांना होत नाही, पण खायला सगळ्यांना हवी आहे, एवढे बघा.

माझी पहिली चूक हिशेबाची. 10 किलो ज्वारी 400 रुपये, तीळ, लसूण, मिरची, हिंग, मीठ 260, दळण 80, सरपण 120, पिशव्या 90. झाले 950. बिबडे निघाले 8 किलो. 160 रुपये किलोने विकले, 1280 आले. 330 रुपये नफा म्हणून मी खूश! घाणा, म्हणजे एका खेपेचा माल, केला होता तिघींनी, पहाटे चारपासून. शेजारच्या दोघी आल्या होत्या, जशा वाळवणाला येतात तशा, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. पण त्यांच्याकडचे वाळवण घरच्या डब्यात जाणार होते आणि माझे बाजारात. चौथ्या घाण्याला एक आली नाही. तिचे बरोबर होते.

मग मजुरी धरली, 300 रुपये रोज, तिघींची 900. स्वतःचीही धरली, हे लक्षात घ्या. 950 आणि 900 मिळून 1850, भागिले 8, म्हणजे किलोला 231 रुपये खर्च. आणि मी 160 ला विकत होते! दर घाण्याला 570 रुपयांचा खड्डा, आणि तो मी माझ्याच कमरेने भरत होते. दुसऱ्या वर्षी भाव 300 केला. निम्मी गिऱ्हाइके गेली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत बरीचशी परतली. हे आकडे माझे, त्या वेळचे. तुमच्या वहीत तुमचे लिहा, पण मजुरीची ओळ कोरी सोडू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडली. मोबाइलवर पैसे घ्यायला लागलो तेव्हा मुलाने क्यूआर कोड काढून दिला. त्याच्या नंबरचा, त्याच्या खात्याचा. सगळा हंगाम मी लोकांना तो कोड दाखवला. जूनमध्ये ज्वारी भरायला पैसे मागितले तर ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेलेले. चोरी नव्हे, घरातच गेले. केळीचे पैसे ह्यांच्या खात्यात, बिबड्यांचे पोराच्या खात्यात, आणि हाताला भाजलेले डाग माझ्या. आता माझ्या नावाचे सिमकार्ड, त्याला जोडलेले माझे एकटीचे खाते, त्याचाच क्यूआर. पिन कोणालाच सांगितलेला नाही. हे चार दिवस गाल फुगवून होते. मी रोजच्यासारखी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढत राहिले.

कागद कमीच आहेत, पण प्रत्येक कागदावर नाव तुमचे हवे. छोट्या उत्पादकाला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी 100 रुपये फी होती. 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत मालाचे नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, तुमचा पत्ता, फोन आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, 2020 पासून सरकारी संकेतस्थळावर आधारवर होते, फुकट. कोणी हजार रुपये मागितले तर उठून या. माझ्याकडून एकाने 800 घेतले होते, म्हणून सांगते.

भांडवलासाठी आधी बचत गट. आमच्या गटात दर बैठकीला पैसे जमतात, त्यातूनच अंतर्गत कर्ज मिळते, आणि त्या व्याजाचा नफाही गटातच राहतो. माझी पहिली 10 हजारांची ज्वारी त्यातूनच आली. मोठे यंत्र घ्यायचे असेल तर बँक. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळते. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना 2020 मध्ये आली, तिच्यात 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. बायांचा एक गैरसमज मात्र दूर करते: हे अनुदान हातात पडत नाही. ते कर्जखात्याशी जोडून बाजूला ठेवतात आणि हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जात वळते करतात. म्हणून "अनुदान मिळतंय ना" म्हणून यंत्र घेऊ नका. आधी ऑर्डर, मग यंत्र. मी पीठ शिजवायचे मोठे पातेले आणि पाकीट बंद करायची साधी मशीन, एवढ्यावर पाच वर्षे काढली.

हंगामाचे सांगते. महाशिवरात्रीनंतर ज्वारी भिजत घालायची, तीन दिवस, रोज पाणी बदलून. आमचे ऊन म्हणजे फुकटातले यंत्र, एप्रिलमध्ये घाणा दिवसात वाळतो. पण दुपारी एकनंतर कोणाला गच्चीवर पाठवू नका, 44 अंशात बाई चक्कर येऊन पडते. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि जाताना पिशवी भरून नेतात, तेव्हा सगळ्यात जास्त खप. त्याच्या महिनाभर आधी ऑर्डरी लिहून अर्धे पैसे आगाऊ घ्या. मोडके बिबडे फेकू नका, कच्चेच शेंगदाण्यांबरोबर खाणारे पुष्कळ आहेत. वेगळे पाकीट, कमी भाव.

नात्यातली उधारी हा वेगळाच विषय. नणंद दरवर्षी पाच किलो उचलायची. एका वर्षी मी अर्धा किलो हातात दिले आणि म्हटले, "हे माहेरचं, ताई. बाकीचं तीनशेनं." दोन महिने फोन नाही. वहीत अजून तिच्या नावावर मागच्या सालचे 1200 आहेत. ते खोडले नाहीत आणि मागितलेही नाहीत.

पहिला पाऊस पडायच्या आत उरलेला माल कडकडीत उन्हात एकदा परत दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर घाण्याची तारीख लिहा. जुलैत एक डबा उघडून तळून बघा. वास आला तर त्या तारखेचे सगळे डबे बाजूला काढा, गिऱ्हाइकाकडे पाठवू नका.