जुने पोलरॉइड कला म्हणून घेताय? या चुका टाळा

पोलरॉइड म्हणजे काढल्याबरोबर कॅमेऱ्यातूनच हातात येणारा फोटो. त्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फ्रेमवाल्याकडे. पांढरी कड डोळ्यांत खुपते म्हणून ती कापायला सांगितली जाते, वर गरम लॅमिनेशनही करून घेतलं जातं. एसएक्स-७० किंवा ६०० या पोलरॉइड फिल्मवरचा फोटो म्हणजे बंद पाकीट असतं. प्रतिमेचे थर आणि त्यांच्यामध्ये पसरलेलं रसायन त्या कडेनेच बांधून ठेवलेलं असतं. कड कापली की थर सुटू लागतात आणि आत दमट हवा शिरते. कलावस्तू म्हणून तर तो फोटो तिथेच संपतो. ठाण्यात किंवा वाशीत, नौपाड्यात किंवा नेरुळला, कुठल्याही फ्रेमवाल्याला आधी ठणकावून सांगा: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, उष्णता द्यायची नाही.

घेताना फोटो उलटा करून बघाच. विक्रेता ऑनलाइन असेल तर मागच्या बाजूचं छायाचित्र मागा, तिथे बहुधा फिल्मचा क्रमांक असतो. साल जुळतंय का तेही तपासा. एसएक्स-७० बाजारात आला १९७२ मध्ये, त्यामुळे असा चौकोनी, बंद फोटो '१९६५ चा' म्हणून कोणी विकत असेल तर सरळ नमस्कार करा. त्याआधीचे फोटो वरचा थर सोलून वेगळे काढायचे असत. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बनवणं थांबवलं, पुढे दुसऱ्यांनी ती नव्याने बनवायला घेतली. हा नवा माल जुना म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो.

'जगात एकच प्रत' हेही डोळे मिटून मानू नका. एसएक्स-७० ला निगेटिव्ह मिळत नाही, हे खरं. पोलरॉइडच्याच टाइप ५५ फिल्ममध्ये मात्र वापरता येणारी निगेटिव्ह मिळायची. शिवाय स्कॅनवरून काढलेल्या मोठ्या प्रती वेगळ्याच किमतीच्या असतात. मूळ फोटो की छापील प्रत, हे बिलावर लिहून घ्या.

आता उलट बाजू. प्रतिमा लाटांसारखी विस्कटलेली दिसली की लोक 'खराब आहे' म्हणून सोडून देतात. अमेरिकी कलाकार लुकास समारास यांनी १९७३ पासून फोटोतलं ओलं रसायन दाबून, ढकलून मुद्दाम अशी चित्रं घडवली, आणि मला ती फार मोठी कामं वाटतात. जुन्या कृष्णधवल फोटोंवरचे फिके पट्टे मात्र खरोखरचा दोष. फोटो काढल्यावर त्यांवर हाताने संरक्षक लेप फिरवावा लागे. जिथे तो नीट लागला नाही, तिथे प्रतिमा उडते.

राहता राहिला आपला खाडीकाठचा पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेममागे ओल धरते, बुरशी येते. चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटं नकोतच. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लमुक्त खोका घ्या, तो आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. ओल शोषणारं सिलिका जेल हवं, पण आर्द्रतामापक ठेवूनच. हवा फार कोरडी झाली तर थराला तडे जातात, त्यामुळे काटा ४० टक्क्यांच्या आसपास असू द्या. भिंतीवर लावायला चांगली स्कॅन प्रत काढून घ्या.